मालाची पुरवणी आणि गिऱ्हाइकाचे दाम

माल मोजून दिला, दाम पदरात पडले आणि पावती फाडली की व्यवहार पुरा झाला, अशी आपल्या बाजारपेठेची जुनी समजूत आहे. साडी विकणारा व्यापारी आठ दिवसांनी गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन ‘या साडीचा पदर निराळा ठेवला आहे, त्याचे पैसे वेगळे द्या’ असे म्हणत नाही. म्हणालाच तर त्याच्या पेढीची पायरी पुन्हा कोणी चढणार नाही. व्हिडिओ गेमच्या व्यापारात मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत असा प्रघात पडला आहे की, मूळ खेळाची खरेदी ही व्यवहाराची समाप्ती नसून त्याचा आरंभ समजावा. ज्यांना शूटर म्हणतात त्या बंदुकीच्या व युद्धाच्या खेळांत तर मूळ खेळाचे दाम एक आणि मागाहून निघणाऱ्या पुरवण्यांचे दाम निराळे, ही रीत पूर्णपणे रुळली आहे. आपल्या सभासदांच्या अनेक घरांत आज असे खेळ खेळणारा मुलगा, पुतण्या किंवा नातू आहे, आणि त्याच्या हट्टाचे पैसे शेवटी वडिलधाऱ्यांच्या खात्यातूनच जातात. यास्तव हे पैसे सार्थकी लागतात की नाही, याचा विचार या स्मरणिकेत करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट आहे. बंदुकीचा खेळ घरात असावा की नसावा, हा प्रश्न पुरवणीच्या प्रश्नाच्या आधीचा आहे. हिंसेचे चित्र करमणूक म्हणून पाहणे ज्या घराला रुचत नाही, त्या घराने मूळ खेळच आणला नाही म्हणजे पुढील हिशेब उद्भवतच नाही. आणि त्या निर्णयाविरुद्ध प्रस्तुत लेखकाला काहीही म्हणावयाचे नाही. शिवाय पुढे ज्यांचा उल्लेख येणार आहे त्या कॉल ऑफ ड्यूटी, बॅटलफील्ड व बॉर्डरलँड्स या मालिकांतील खेळांना अमेरिकेत १७ वर्षे व त्यापुढील वयासाठी असे मानांकन आहे, म्हणजे कोवळ्या वयाच्या मुलांसाठी हा माल मुळी नव्हेच. परंतु ज्या घरांत जाणत्या वयाच्या तरुणांनी हा खेळ आणला आहे, तेथे पैशाचा प्रश्न उरतोच, आणि पैशाच्या प्रश्नावर व्यापाऱ्याने गप्प बसणे शोभत नाही.

पुरवणीवर सरसकट रोष धरणेही न्यायाचे होणार नाही. खेळ तयार झाल्यानंतर कारागिरांनी पुन्हा महिनोन्महिने श्रम करून नवी कथा, नवी स्थळे, नवी पात्रे निर्माण केली, तर त्या श्रमांचे मोल मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. नव्या कामाला नवे दाम, यात वावगे काही नाही. तेव्हा पुरवणी विकावी की विकू नये हा वादच नव्हे. जी वस्तू पुरवणी म्हणून पुढे केली जाते ती खरोखर माल आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी आपल्याच धंद्यातील तीन साध्या कसोट्या पुरेशा आहेत: दाम देण्यापूर्वी माल पाहता येतो काय; त्याचा उपयोग आपल्या एकट्याच्या हाती आहे काय; आणि घेतलेला माल आपल्यापाशी राहतो काय.

प्रथम सर्वांत गाजलेल्या प्रकाराकडे वळू. अनेक खेळाडू दूरदूरच्या घरांतून एकाच वेळी ज्या रणांगणावर उतरतात, त्याला या खेळांत मॅप म्हणतात. २००९ साली ॲक्टिव्हिजन कंपनीने कॉल ऑफ ड्यूटी मालिकेतील मॉडर्न वॉरफेअर २ हा खेळ ६० डॉलर किमतीस बाजारात आणला. त्यात असे १६ मॅप होते, शिवाय एकट्याने खेळावयाची स्वतंत्र कथाही होती. पुढे २०१० च्या मार्चअखेर स्टिम्युलस पॅकेज या नावाची पुरवणी १५ डॉलरना निघाली. तिच्यात ५ मॅप होते आणि त्यांपैकी २ मॅप २००७ सालच्या आधीच्या खेळातून उचललेले होते. म्हणजे मूळ किमतीचा चौथा हिस्सा देऊन हाती आले काय, तर तीन नवी रणांगणे आणि दोन जुनी. तत्पूर्वी दोनच वर्षे याच मालिकेतील ४ मॅपांचा संच १० डॉलरना मिळत होता. तरीही ही पुरवणी पहिल्या आठवड्यात २५ लाखांहून अधिक खपली. एवढा खप झाल्यावर भाव उतरवण्याचे विक्रेत्याला कारण काय? त्याच वर्षीची दुसरी पुरवणीही १५ डॉलरलाच विकली गेली.

भाव महाग होता, एवढीच तक्रार असती तर ती फार मोठी नव्हती. महाग माल ज्याला परवडेल तो घेईल. या मालाचे खरे वैगुण्य निराळे आहे. मॅप हा एकट्याने उपयोगात आणण्याचा माल नव्हे. ज्यांच्याजवळ तो मॅप आहे अशाच खेळाडूंची गाठ त्यावर पडू शकते. ज्यांनी तो घेतला नाही त्यांचा मेळा निराळा पडतो. परिणामी प्रत्येक पुरवणीगणिक खेळणाऱ्यांचे दोन भाग होतात, घेतलेले आणि न घेतलेले. पहिल्या महिन्यात घेणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा सारे ठीक चालते. पुढे लोक नव्या खेळाकडे वळतात, आणि ज्याने सर्व पुरवण्या दाम मोजून घेतल्या त्यालाच सोबती मिळण्यासाठी वाट पाहत बसावे लागते. आपण एखादे भांडे घेतले आणि शेजाऱ्याने घेतले नाही, तर आपल्या भांड्यात अन्न शिजण्याचे थांबत नाही. येथे मात्र शेजाऱ्याने न घेतल्यामुळे आपले भांडे रिकामे राहते. चार मित्रांपैकी एकाने पुरवणी घेतली की उरलेल्या तिघांवर ती घेण्याचे दडपण येते ते यामुळेच. ती त्यांना हवी असते म्हणून नव्हे. न घेतल्यास मैत्रीतील एकत्र खेळ तुटतो म्हणून.

बॅटलफील्ड ३ या खेळाच्या बाबतीत हाच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर झाला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने २०११ साली आणलेल्या या खेळासाठी २०१२ च्या जूनमध्ये प्रीमियम नावाची योजना निघाली. ५० डॉलर द्यावेत आणि पाच पुरवण्या मिळवाव्यात. मूळ खेळ ६० डॉलरचा, त्यावर जवळजवळ तितकेच पुन्हा. शिवाय या योजनेत सामील होणाऱ्याला नव्या पुरवण्या इतरांच्या आधी मिळत आणि खेळाची जागा भरलेली असल्यास रांगेत त्याचा नंबर पुढे लागे. म्हणजे ज्याने खेळाचे पूर्ण दाम दिले होते त्यालाच, अधिक दाम न दिल्याबद्दल, मागे उभे राहावे लागले. आपल्या दुकानात कोणी रोकड देऊन माल घेतल्यावर त्याला असे वागवले तर ते गिऱ्हाईक आपण गमावले म्हणून समजावे.

आणि झालेही तसेच. हा धडा अखेर विक्रेत्यांना स्वतःच घ्यावा लागला. २०१६ साली टायटनफॉल २ या खेळाच्या कर्त्यांनी नवे मॅप सर्व खेळाडूंना विनामूल्य देण्याचे ठरवले. २०१८ सालच्या बॅटलफील्ड ५ मध्ये प्रीमियम योजना राहिली नाही. २०१९ च्या मॉडर्न वॉरफेअरमध्ये कॉल ऑफ ड्यूटीनेही मॅप विकणे सोडले. या फेरपालटात केवळ औदार्य होते असे मानण्याचे कारण नाही. गिऱ्हाइकांची फाळणी करणारा माल शेवटी दुकानच रिकामे करतो, हे त्यांच्या हिशेबात आले. ज्या मालाला खुद्द विक्रेत्यांनीच असा निरोप दिला, त्याची तरफदारी गिऱ्हाइकाने करावी असे काही उरत नाही.

मॅप फुकट झाले, परंतु गल्ला काही बंद झाला नाही. आता खेळातील पात्रांचे पोशाख आणि शस्त्रांवरील रंगरंगोटी विकली जाते. आणि बॅटल पास नावाची नवी युक्ती आली आहे. तीत आधी पैसे भरावयाचे आणि नंतर ठरलेल्या मुदतीत पुष्कळ वेळ खेळून एकेक वस्तू पदरात पाडून घ्यावयाची. मुदत टळली की न मिळवलेली वस्तू हातची गेली. यात दाम देऊन वर मजुरीही गिऱ्हाइकानेच करावी लागते. पोशाखाने जिंकण्यास साहाय्य होत नाही, म्हणून यात अन्याय नाही, असे या प्रकाराचे समर्थन केले जाते आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु मुदतीच्या धाकाने मुलाने रात्री जागवाव्यात, ही किंमत पावतीवर छापलेली नसते.

आता दुसरी बाजू पाहू. पुरवणी उत्तम माल असू शकते, याचे उदाहरण बॉर्डरलँड्स २ या २०१२ सालच्या खेळात सापडते. हाही बंदुकीचाच खेळ. पण एकट्याने खेळता येतो आणि चौघांपर्यंत मिळूनही खेळता येतो. टेक्सास येथील गियरबॉक्स या संस्थेने त्याच्या चार मोठ्या कथा-पुरवण्या प्रत्येकी १० डॉलरना काढल्या. त्यांतील २०१३ च्या जूनमधील चौथी, टायनी टीनाज असॉल्ट ऑन ड्रॅगन कीप, विशेष नावाजली गेली. टीना नावाची एक लहान मुलगी आपल्या मित्रांना घेऊन पटावरचा काल्पनिक खेळ मांडून बसते, राजवाडे आणि राक्षस उभे करते. आणि हळूहळू उमगते की मूळ खेळात मारला गेलेला रोलंड हा सोबती आता परत येणार नाही, हे तिला स्वीकारता येत नाही. गोळीबाराच्या खेळात मृत्यूचे दुःख हा विषय कोणी गंभीरपणे हाताळील, अशी अपेक्षा नसते. येथे तो हाताळला गेला, आणि मूळ खेळाने जे अर्धवट सोडले होते ते पुरवणीने पुरे केले.

आपल्या तीन कसोट्यांवर हा माल टिकतो. निघाल्यानंतर त्याची परीक्षणे वाचून, दुसऱ्याकडे पाहून मग घेता येतो. शेजाऱ्याने घेतला नाही तरी आपला खेळ अडत नाही. आणि कोणा दूरच्या यंत्रावर अवलंबून न राहता एकट्याने तो पुन्हा खेळता येतो. हीच पुरवणी २०२१ साली, म्हणजे आठ वर्षांनी, स्वतंत्र खेळ म्हणून १० डॉलरनाच विक्रीस आली आणि तिच्यातील कल्पनेवरून २०२२ साली एक संपूर्ण नवा खेळ निघाला. जी वस्तू मूळ मालापासून सुटी करूनही विकली जाऊ शकते, ती कापून ठेवलेला पदर नव्हे. ते स्वतंत्र वस्त्र आहे. १० डॉलर येथे वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.

परंतु याच खेळात आणखी एका गोष्टीचा दाखला मिळतो. या चारही पुरवण्यांसाठी सीझन पास नावाने ३० डॉलर आगाऊ भरण्याची सोय होती. चाळीसचा माल तीस डॉलरना, हिशेब सरळ दिसतो. परंतु आगाऊ भरणारांपैकी अनेकांची समजूत अशी होते की, पासात पुढचे सर्व काही आले. वस्तुतः खेळात मागाहून आलेली दोन नवी पात्रे त्या पासात समाविष्ट नव्हती. त्यांचे दाम निराळे होते. सीझन पास म्हणजे आपल्या भाषेत विसार. विसार देण्याची चाल आपल्याकडेही आहे. पण आपण तो देतो तेव्हा मालाचा नमुना पाहिलेला असतो, मुदत ठरलेली असते, आणि माल उतरला नाही तर विसार परत मागण्याची जागा असते. येथे नमुना नाही, बहुधा नक्की मुदतही नाही, आणि माल नापसंत ठरल्यास दाद मागण्याची जागाही फार अरुंद. चांगल्या पेढीचा विसार फळाला आला म्हणून डोळे झाकून विसार देण्याचा रिवाज शहाणपणाचा ठरत नाही. पुरवणी निघाल्यावर तीच वस्तू काही महिन्यांनी सवलतीत मिळण्याचा संभव पुष्कळ असतो. थांबणाऱ्याचे नुकसान क्वचितच होते.

विसाराहून वाईट प्रकार बंद पेटीचा. दाम द्यावयाचे आणि आत काय आहे ते पेटी उघडल्यावर कळावयाचे. २०१७ सालच्या स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ या खेळात अशा पेट्यांतून खेळाडूची शक्ती वाढवणाऱ्या वस्तू निघत. पूर्ण किंमत देऊन खेळ घेतलेल्या गिऱ्हाइकांत त्यामुळे इतका क्षोभ झाला की, खेळ बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी कंपनीला पैशाने होणारी ही विक्री थांबवावी लागली. पुढे २०१८ च्या एप्रिलमध्ये बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण मंडळाने अन्य काही खेळांतील अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली येतात असा निर्णय दिला. त्यांत ओव्हरवॉच आणि काउंटर-स्ट्राइक हे दोन शूटर होते. व्यापारी माणसाला हे समजण्यास परदेशातील मंडळाची गरज पडू नये. न पाहता घेतलेला माल हा सट्टा, आणि मुलाच्या हाती दिलेला सट्टा हा अधिकच वाईट.

आता तिसरी कसोटी, घेतलेला माल आपल्यापाशी राहण्याची. येथे या व्यापाराचा सर्वांत नाजूक भाग येतो. बंजी या संस्थेच्या डेस्टिनी २ या शूटर खेळाच्या दोन पुरवण्या २०१७ च्या डिसेंबरात आणि २०१८ च्या मे महिन्यात प्रत्येकी २० डॉलरना निघाल्या. २०२० च्या नोव्हेंबरात त्या दोन्ही आणि मूळ खेळाची मुख्य कथा खेळातून काढून घेण्यात आली. त्यानंतर २०१८ च्या सप्टेंबरात ४० डॉलरना विकलेल्या फोरसेकन या मोठ्या पुरवणीची कथाही २०२२ च्या फेब्रुवारीत काढली गेली. खेळाचा आकार फार वाढला आणि जुने भाग दुरुस्तीत ठेवणे अवघड झाले, असे कारण कर्त्यांनी दिले. कारण खरे असेल. परंतु आपल्या गोदामात जागा उरली नाही म्हणून विकलेला माल गिऱ्हाइकाच्या घरून परत नेण्याची मुभा दुसऱ्या कोणत्या व्यापाराला आहे? २०२४ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या जुन्या यंत्रांवरील बॅटलफील्ड ३ व ४ यांची सामुदायिक खेळाची सेवाही बंद झाली; त्या यंत्रांवर घेतलेल्या रणांगणांच्या पुरवण्यांवर आता कोणाशी गाठ पडणार नाही.

आपल्या देशातील अनुभवही याहून वेगळा नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाईल हा शूटर खेळ होता. ३० ऑक्टोबरला त्याची भारतातील सेवा थांबली. ज्यांनी त्यात पोशाख व अन्य वस्तू पैसे देऊन घेतल्या होत्या, त्यांचे सारे सामान एका दिवसात कुलपात गेले. पुढे २०२१ साली क्राफ्टन कंपनीने भारतासाठी बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया हा खेळ आणला आणि जुन्या खात्यातील सामान त्यात नेण्याची सोय काही काळ ठेवली. तोही २०२२ च्या जुलैत ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. सरकारच्या निर्णयाचे गुणदोष हा येथील विषय नव्हे. मुद्दा इतकाच की, ज्या मालाचा ताबा आपल्याकडे कधी आलाच नव्हता, तो गेल्यावर मागावयाचा कोणाकडे, याचे उत्तर मुलांजवळही नव्हते आणि आपल्याजवळही नव्हते. कॅलिफोर्निया राज्यात २०२५ च्या आरंभापासून अमलात आलेल्या कायद्याने अशा विक्रेत्यांवर बंधन घातले आहे की, गिऱ्हाइकाला मालकी मिळत नसून केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. विक्री कशाला म्हणावे हे सांगण्यासाठी कायदा करावा लागतो, ही गोष्ट या व्यापाराविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

एतावता निष्कर्ष काय? पुरवणीवर खर्च करूच नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. जी स्वतःत पूर्ण आहे, एकट्यालाही खेळता येते आणि बाजारात येऊन तिचे बरेवाईट कळले आहे, अशी कथेची पुरवणी खुशाल घ्यावी. तिच्या कारागिरांना त्यांचे दाम मिळालेच पाहिजेत. मात्र मूळ खेळ पुरता खेळून झाल्याखेरीज ती घेऊ नये, कारण भूक लागली आहे की नुसता मोह झाला आहे हे त्यानंतरच कळते. जिची किंमत इतरांच्या गर्दीवर ठरते ती पुरवणी एखाद्या हंगामाची करमणूक समजूनच घ्यावी, ठेवा समजून नव्हे. जिचे दाम आगाऊ मागितले जाते तिच्यासाठी थांबावे. आणि बंद पेटी कोणत्याही सबबीवर घेऊ नये.

घरातील वडिलधाऱ्यांना एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. मनाई केल्याने मुलगा हिशेब शिकत नाही. तो फक्त लपवण्यास शिकतो. त्याऐवजी वर्षाची एक रक्कम ठरवून द्यावी, फोनवरून पैसे देण्याचा गुप्त क्रमांक आपल्याजवळ ठेवावा, आणि प्रत्येक खरेदी त्याला स्वतःच्या हाताने वहीत लिहावयास लावावी: काय घेतले, किती दिले, आणि सहा महिन्यांनी त्यातले काय उरले. तिसरा रकाना भरताना तो जे शिकेल ते आपल्या शंभर उपदेशांनी साधणार नाही. पुढेमागे तो आपल्या पेढीवर बसेल तेव्हा हीच नोंद त्याच्या उपयोगी पडेल. कारण गिऱ्हाईक म्हणून ज्याने पदर कापलेली साडी एकदा घेतली आहे, तो विक्रेता म्हणून तशी साडी कोणाला विकणार नाही.